थोरल्या आजीचं लाल नाव

"आजोबा, थडग्यावरची अक्षरं मुलीनं रंगवली तर पूर्वजांना ती वाचता येत नाहीत का?"

प्रश्न माझा होता, पण पैज आलिंग आणि शिनरूची. आदल्या दिवशी शाळा सुटताना दोघींनी मला फाटकाशी गाठून सांगितलं होतं, की छिंगमिंगच्या, म्हणजे पूर्वजांची थडगी साफ करायच्या सणाच्या सकाळी, सगळं घर जमलेलं असताना, मोठ्या काकांच्या तोंडावर हे विचारायचं. नाहीतर महिनाभर त्यांच्या वाटचा वर्ग मी झाडायचा. वर्ग झाडायला माझी ना नव्हती. पण शिनरू म्हणाली, "जाऊ दे गं, ती नाहीच विचारणार. त्यांच्याकडे सगळे काकांना टरकून असतात." ते मला लागलं, कारण ते खरं होतं.

तर मी विचारलं. काकांच्या अंगणात, हातात पाल्याची अर्धी खाल्लेली हिरवी वडी धरून. आईच्या हातातलं वाफेच्या भांड्याचं झाकण जरा जास्तच जोरात खाली बसलं. बाबा बुटाची नाडी बांधत होते, ते पुन्हा पहिल्यापासून बांधायला लागले.

आजोबांनी मान वर केली नाही. ते टोपली भरत होते. विळा, दगडाखाली ठेवायचे कागद, चहाचं तबक, शिंपल्यांचं भांडं, आणि रंगाचे दोन डबे, एक लाल, एक हिरवा.

"मी वर गेलो की विचारतो," ते म्हणाले, "आणि कळवतो."

थोरली आजी, म्हणजे आजोबांच्या मोठ्या भावाची बायको, वेताच्या खुर्चीत बसून फिदीफिदी हसली. "भाऊजी, तुमच्या आधी माझा नंबर आहे. मीच विचारीन."

"हसण्यावारी नेऊ नका," मोठे काका म्हणाले. घरात काकांचा आवाज असा येतो, की तो बाहेरूनच आल्यासारखा वाटतो. "पेइलान, तुझा हात चांगला आहे, कोण नाही म्हणतंय? पण तू उद्या दुसऱ्या घरची. मग छिंगमिंगला तू तुझ्या सासरच्या डोंगरावर असणार. आणि इथे आमच्या दगडावरची अक्षरं कोण बघणार? ब्रश धरणारा दर वर्षी आला पाहिजे. तुझ्या आजोबांचा हात आता चालत नाही, तेव्हा या वर्षीपासून ब्रश रुइफंगकडे. ठरलंय ते."

"दादा गेल्या तीन छिंगमिंगना मिळून एकदा आलाय," मी म्हणाले.

हे पैजेत नव्हतं. हे आपोआप आलं.

"पेइलान, पुरे," बाबा म्हणाले. आईनं टेबलाखालून माझा पाय दाबला. आणि रुइफंगदादा, काकांचा मुलगा, ज्याच्यावरून हे चाललं होतं, तो फोनमध्ये बघत म्हणाला, "खरं आहे की तिचं. तिलाच द्या ना." काकांनी त्याच्याकडे असं बघितलं की त्यानं फोन खिशात टाकला.

मी का हट्टाला पेटले होते ते सांगते. आमच्या गल्लीतल्या निम्म्या दारांवर नववर्षाच्या ज्या लाल पट्ट्या आहेत, त्यांवरची अक्षरं माझ्या हातची आहेत. आजोबांनी मला पहिलीच्या आधी ब्रश धरायला शिकवलं. संध्याकाळी मी त्यांच्या शेजारी बसून शाई घोटते आणि ते माझ्या अक्षरांना नावं ठेवतात. "हे बघ, याचा पाय लंगडतोय." "याला जेवायला घालत नाहीस का?" गेल्या हिवाळ्यात त्यांच्या उजव्या हाताची थरथर इतकी वाढली, की ते चहाचा छोटा पेलासुद्धा दोन्ही हातांनी धरायला लागले. तेव्हापासून पट्ट्या मी एकटीच लिहिते. आणि डोंगरावरची अक्षरं मात्र दादा रंगवणार, जो सही करतानासुद्धा अक्षर चुकवतो.

वर जाताना कोणी माझ्याशी बोललं नाही. आंब्याच्या झाडासारख्या जाड बुंध्याच्या लिचीच्या झाडांतून वाट चढते, आणि थोरली आजी हातात काठी घेऊन सगळ्यांच्या पुढे चालत होती. तिला कोणी हात दिलेला आवडत नाही.

आमची दोन थडगी एकाच ओट्यावर आहेत. डावीकडे पणजोबांचं, उजवीकडे थोरल्या आजोबांचं. पणजोबांच्या दगडाच्या कडेला त्यांच्या मुलांची नावं बारीक अक्षरांत कोरलेली आहेत. थोरल्या आजोबांच्या दगडावर त्यांच्या नावाशेजारी आजीचं माहेरचं आडनाव 'के' आधीपासूनच कोरलेलं आहे, जागा राखून ठेवल्यासारखं. मेलेल्याचं नाव हिरवं, जिवंताचं लाल. आमच्याकडे हे मुलांना शाळेत जायच्या आधीच कळतं. थोरली आजी दर वर्षी स्वतःच्या लाल नावासमोर घडीचं स्टूल टाकून बसते आणि चहा पिते.

"काय गं, चांगलं दिसतंय ना अजून?" ती मला विचारते. "फिकं पडलं की सांग. मला फिकं राहायला आवडत नाही."

काका आणि बाबांनी गवत कापलं. आईनं तबकात तीन पेले मांडले, वड्या मांडल्या, शिंपले उघडून ठेवले. मला कागद ठेवायचं काम मिळालं. थडग्यामागच्या मातीच्या ढिगाऱ्यावर चढून एकेक कागद छोट्या दगडाखाली दाबायचा. मला वरून सगळं दिसत होतं, म्हणून पुढचं मी नीट पाहिलं.

पण त्याआधी खाली अंगणात काय झालं होतं ते सांगायला हवं. ते मला काकूनं नंतर सांगितलं.

काकू पहाटे सगळ्यांच्या आधी उठली होती आणि लाल रंगाच्या डब्याच्या कडीला तिनं पांढरा दोरा बांधून ठेवला होता. काकू घरात फारशी बोलत नाही. काका बोलतात आणि ती मान हलवते, अशी आमच्याकडे वाटणी आहे. पण तिला एक गोष्ट माहीत होती जी काकांना माहीत नव्हती. रुइफंगदादाला लाल आणि हिरवा वेगळा दिसत नाही. काकूच्या वडिलांनाही दिसत नव्हता. लहानपणी दादानं एकदा कच्च्या लिची टोपलीभर तोडून आणल्या तेव्हा तिच्या लक्षात आलं, आणि तिनं मुलाला बाजूला घेऊन सांगितलं, की वडिलांना बोलू नकोस. काकांना त्याला नौदलात पाठवायचं होतं ना. पुढे दादा त्या तपासणीत नापास झाला आणि घरी येऊन म्हणाला, गणितात गेलो. त्या गणितावरून काका आजतागायत त्याला बोलतात.

तर दोरा ज्याला तो लाल. माय-लेकाचं ठरलं होतं.

आणि ओट्यावर पोचल्यावर काकांनी डबे टोपलीतून काढले, म्हणाले, "हे दोरे कसले गुंडाळलेत?" आणि विळ्यानं दोरा कापून टाकला. काकू त्या वेळी खालच्या झऱ्यावर पाणी भरायला गेली होती.

दादा दगडासमोर गुडघ्यावर बसला. त्यानं डब्यांकडे बघितलं. मग वाटेकडे बघितलं, आई येतेय का म्हणून. काका डोक्यावर उभे होते. "कर ना सुरुवात. वाट कुणाची बघतोस?"

त्यानं सुरुवात केली. थोरल्या आजोबांचं नाव त्यानं हिरवं रंगवलं, बरोबर, नशिबानं. मग तोच डबा ठेवून दुसरा घ्यायचा, तर मधे काकांनी डबे सावलीत सरकवले. दादानं जो हाताला आला तो घेतला, ब्रश पुसला आणि थोरल्या आजीचं 'के' रंगवलं. मन लावून रंगवलं, हे मला म्हणायलाच हवं. जीभ दातांत धरून.

थोरली आजी त्याच्या मागेच स्टुलावर बसलेली होती. तिनं शिंपला तोंडात टाकला, चावला, गिळला. आणि म्हणाली, "अरे रुइफंग. मी गेले का रे?"

दगडावर आजीचं नाव ओल्या हिरव्या रंगात चमकत होतं. थोरल्या आजोबांच्या नावासारखंच, अगदी जोडीनं.

काका ओरडले. "डोळे फुटले का तुझे? जिवंत माणसाला, तिच्या देखत... छिंगमिंगच्या दिवशी..."

"बाबा, मी..."

"एवढंसं काम. दोन रंग. दोन. लहान पोराला कळतं. गणितात गेलास तेव्हाच मला..."

"तो गणितात गेला नव्हता." काकू वाटेच्या तोंडाशी उभी होती, पाण्याची कळशी कमरेवर. ती घाईनं चढून आलेली होती आणि धापा टाकत होती. "त्याला रंग दिसत नाहीत. लाल आणि हिरवा. माझ्या बाबांचंही तसंच होतं. नौदलवाल्यांनी त्याला त्यासाठी काढलं. मी दोरा बांधला होता लाल डब्याला. कुणी काढला?"

काका हातातल्या विळ्याकडे बघायला लागले.

काकूला मी इतकं सलग बोलताना कधी ऐकलं नव्हतं. आणि ती थांबलीही नाही. "इतकी वर्षं तुम्ही त्याला गणितावरून बोललात. तो ऐकून घेत राहिला. कारण तुम्हाला मुलगा नापास झालेला चालतो, पण त्याच्यात काही कमी असलेलं चालत नाही."

बाबांनी त्या वेळी एक गोष्ट केली जी मी त्यांना कधी करताना पाहिली नव्हती. ते मोठ्या भावाच्या आणि रुइफंगदादाच्या मधे जाऊन उभे राहिले. तिथून हलले नाहीत.

"आधी नावाचं बघा," आजोबा म्हणाले. ते दगडापाशी बसले आणि त्यांनी लाल डब्यात ब्रश बुडवला. ब्रशच्या टोकावरून लाल थेंब इकडेतिकडे उडाले. हात अक्षराजवळ गेला आणि तिथे इतका थरथरला की त्यांनी तो मागे घेतला. पुन्हा नेला. पुन्हा मागे घेतला. मला ते वरून बघवेना.

मी ढिगाऱ्यावरून घसरत खाली आले. "आजोबा, थांबा. ओल्या हिरव्यावर लाल लावलंत तर चिखल होईल. आधी आतलं पुसून काढायला हवं. टर्पेंटाइनची बाटली टोपलीत आहे. बांबूची काडी आणि चिंधी लागेल, टोकाला गुंडाळून."

"तू बाजूला हो," काका म्हणाले. पण त्यांचा आवाज आता नेहमीचा नव्हता, नुसता सवयीनं आला होता. "मी सकाळीच सांगितलंय. मुलीनं या दगडाला..."

"ए, थांब रे जरा." थोरली आजी स्टुलावरून उठली. काठी टेकत ती दगडापाशी आली आणि काठीचं टोक तिनं आपल्या हिरव्या नावावर ठेवलं. "हे नाव कुणाचं?"

"मोठी आई, तुमचंच, पण..."

"मी पूर्वज आहे का?"

काकांनी विळा खाली ठेवला.

"विचारतेय मी. आत्ता शिंपले खाल्ले ते कुणी? मी पूर्वज झाले की मग तुम्ही सगळे मिळून ठरवा, माझ्या नावाला कुणी हात लावायचा. तोवर मी जिवंत आहे आणि नाव माझं आहे. माझ्या नावाला कुणी हात लावायचा ते मी सांगणार." तिनं काठी माझ्याकडे केली. "पोरी, ये इकडे. आणि चांगलं भडक कर. परवा बाजारात ती भाजीवाली मला म्हणाली, आजी, अजून आहात वाटतं. तिला दाखवायला फोटो काढीन."

काकांनी आजोबांकडे बघितलं. आजोबांनी ब्रश माझ्यासमोर धरला. तो थरथरत होता, म्हणून मी तो पटकन घेतला.

काकूनं आपल्या सदऱ्याच्या कडेची चिंधी फाडून दिली. दादानं बांबूची काडी तासली. "सॉरी गं," तो पुटपुटला. "मला खरंच दोन्ही सारखेच दिसतात. चिखलासारखे."

"मग तुला सगळं जगच तसं दिसतं का?"

"निळं चांगलं दिसतं."

"बरं, निळ्या रंगानं काही लिहायचं असलं तर तुलाच बोलावीन."

तो हसला. काकांनाही बहुतेक हसू आलं होतं, कारण ते वळून दरीकडे बघायला लागले.

मी कोरीव रेघांतून हिरवा रंग काढला. 'के' या अक्षरात डावीकडे झाडाचं चिन्ह असतं. आधी त्याचं खोड पुसलं, मग फांद्या, मग उजवीकडचा भाग. दगड उन्हात सुकेपर्यंत आजीनं मला स्वतःच्या हातानं चहा पाजला. मग बाबा पुढे आले आणि त्यांनी लाल डबा माझ्या उजव्या बाजूला, हाताच्या अंतरावर, गुडघ्यावर बसून धरला. त्यांच्या थोरल्या भावाच्या देखत. डबा धरताना त्यांचे कान लाल झाले होते, पण त्यांनी तो खाली ठेवला नाही.

आणि मी लिहिलं. रंगवलं म्हणायला हवं, पण मला ते लिहिल्यासारखंच वाटलं. श्वास सोडत रेघ खाली आणायची, टोकाला जरा थांबायचं, मग उचलायचं. हात एकदाही हलला नाही. माझा हात चांगला आहे हे मला ठाऊक होतं. पण इतका चांगला आहे, हे मला त्या दिवशी कळलं.

थोरली आजी जवळ वाकली. बराच वेळ बघत राहिली. "आता मी शंभरी गाठणार," ती म्हणाली. "इतकं सुंदर नाव हिरवं करायला कोणाला जीव होईल?"

ती हे सहज बोलली. पण आजोबांनी चहाचा पेला खाली ठेवला.

"पेइलान, इकडे ये," ते म्हणाले आणि मला पणजोबांच्या दगडाकडे घेऊन गेले. दगडाच्या कडेला दोन मुलांची नावं होती. वरचं हिरवं, थोरल्या आजोबांचं. खालचं लाल, आजोबांचं. उन्हापावसानं फिकं पडलेलं.

"हे वरचं चार वर्षांपूर्वीपर्यंत लाल होतं," ते म्हणाले. "माझा दादा गेला त्या वर्षी मी हिरव्यात ब्रश बुडवून इथे बसलो. खाली शिंपले गार झाले, माणसं ताटकळली, तरी माझ्यानं पहिली रेघ ओढवेना. मला चालायला त्यानं शिकवलं. शेवटी ओढली. डॉक्टर म्हणतात हात वयानं थरथरतो. म्हणू देत. मला माहीत आहे तो कधीपासून थरथरतो."

मी ब्रश दुसऱ्या हातात घेतला.

"ब्रश धरणाऱ्याचं खरं काम ते आहे. बाकी दर वर्षी नुसता रंग भरायचा असतो, तो कुणीही भरेल. एक दिवस कुणाला तरी हे खालचं हिरवं करावं लागणार. रुइफंगला ब्रश द्यायला मी हो म्हणालो तो त्यासाठी. तो लांब असतो, मी त्याला वर्षातून एकदा दिसतो, त्याला जड जाणार नाही. तू रोज माझ्याजवळ बसून शाई घोटतेस. हे काम तुझ्या गळ्यात घालायचं माझ्या जिवावर आलं."

"मग मी मुलगी आहे म्हणून नव्हतं?"

"ते तुझ्या काकाचं कारण. माझं हे." त्यांनी माझ्या हातातल्या ब्रशकडे बघितलं. "आत्ता उत्तर देऊ नकोस. खाली जाईपर्यंत विचार कर. नको वाटलं तर रात्री ब्रश टोपलीत ठेवून दे, मी काही मनात आणणार नाही. पण आज माझं नाव तेवढं उजळून दे. फिकं पडलंय."

मी त्यांचं नाव लाल केलं. ते शेजारी बसून नावं ठेवत होते. "तिसऱ्याचा पाय लंगडतोय." "लंगडत नाहीये आजोबा, दगडच तिथे झिजलाय." "हं. मग ठीक आहे."

काका मागे येऊन उभे राहिले होते. मी उठले तेव्हा ते नावाकडे बघत होते, वडिलांच्या. "चांगलं झालंय," ते म्हणाले. मग, जणू कोणी जबरदस्तीनं बोलायला लावावं तसं, "दर वर्षी यायला लागेल हं. माझं ते म्हणणं काही चूक नव्हतं."

"चूक नव्हतं," मी म्हणाले.

मग आम्ही सगळ्यांनी शिंपले खाल्ले आणि टरफलं रिवाजाप्रमाणे ढिगाऱ्यावर उधळली. काकूनं सगळ्यांत जास्त लांब फेकली. दादानं फटाक्यांची माळ लावली आणि कानांवर हात ठेवून पळाला. काका त्याच्यामागे ओरडले, "अरे, सावकाश, तिथे दगड आहे," आणि पुढे गणिताचं काही बोलले नाहीत.

उतरताना मी आई-बाबांच्या मधे चालत होते. आई म्हणाली, सकाळी तू तोंड उघडलंस तेव्हा मला टेबलाखाली शिरावंसं वाटलं होतं. बाबा म्हणाले, मलाही. ब्रश माझ्या हातात होता. त्याच्या केसांत लाल रंग अजून ओला होता आणि मुळाशी थोडा हिरवा राहिला होता, मी कितीही पुसला तरी. पुढे आजोबा थोरल्या आजीच्या मागोमाग चालत होते आणि ती त्यांना ओरडत होती, की भाऊजी, मला धरू नका, स्वतःला धरा. मी त्यांच्या पाठीकडे बघितलं. त्यांच्या उजव्या हाताकडे बघितलं. माझ्याऐवजी कोणी दुसरं, घाईत, डब्याकडे नीट न बघता, आजोबांच्या नावासमोर बसलंय, असं डोळ्यांपुढे आणून बघितलं. ते मला अजिबात चाललं नाही.

लिचीच्या झाडांपाशी मी थांबले, म्हणून आई-बाबाही थांबले.

"आई, बाबा, मी ठरवलंय," मी म्हणाले. "ब्रश मी ठेवणार. हिरव्या डब्यासकट. मी शिकायला कुठेही गेले, कुठल्याही घरात राहिले, तरी छिंगमिंगला मी या डोंगरावर असेन, आणि लग्न करायचं झालं तर नवऱ्याला हे आधीच सांगेन. आजोबांचं नाव ज्या दिवशी हिरवं करायचं असेल त्या दिवशी ते मीच करणार, दुसऱ्या कुणाला हात लावू देणार नाही. पुढे तुमची नावंसुद्धा मीच. माझा हात थरथरला तरी चालेल. तोवर मात्र मला लालचाच सराव करू द्या. पुष्कळ वर्षं."